हळदीचा डाग लाल का होतो?

२०२१ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. करोनामुळे शाळा बंद होत्या. घरोघरी लेकरे दिवसभर घरातच असत आणि आयांचा जीव मेटाकुटीला आला होता. मानवत तालुक्यातल्या आमच्या गावीही तीच गत. माझी नात तेव्हा सहा वर्षांची. एका दुपारी तिने वरणाची वाटी अंगावर सांडून घेतली. सुनेने तो पांढरा फ्रॉक दगडावर घेऊन त्यावर साबणाची वडी घासली मात्र, पिवळा डाग एकदम लाल झाला. पोरगी घाबरून ओरडली, "आजी, रक्त आलं!" सून म्हणाली, "रक्त कशाचं, हळद आहे ती. जा, खेळ जा." पोरगी गेली नाही. तिथेच उकिडवी बसून राहिली आणि म्हणाली, "मग हळद लाल का झाली?"

भगिनींनो, हळदीचा डाग साबणाने लाल झालेला तुम्ही आम्ही हजार वेळा पाहिला असेल. पाहून पुढचे कपडे धुवायला घेतले असतील. मी तर इतकी वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरीण होते, पण मीही तो डाग कधी दोनदा पाहिला नव्हता. लेकरू मात्र पाहते. त्याला सगळेच नवे असते.

लेकरांच्या 'का'ला आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली. एक, 'तसंच असतं ते.' दुसरे, 'जा, खेळ जा.' आता तिसरे आले आहे, हातात मोबाइल देणे. यात मी कुणाला दोष देत नाही. पहाटे उठून शेण-झाडलोट, धारा, भाकरी, मग डोक्यावर शिदोरी घेऊन रानात, अशा रगाड्यात असलेल्या बाईने लेकराला विज्ञान शिकवीत बसावे हे म्हणणे सोपे, करणे अवघड. परंतु आणखी एक उत्तर आहे आणि त्याला फारसा वेळ लागत नाही. 'मला पण नीट ठाऊक नाही. चल, करून बघू.' त्या दिवशी मी तेच म्हटले.

जुन्या धोतराच्या चिंध्या घेतल्या. वाटीत हळद कालवून त्या त्यात बुडविल्या आणि वाळत घातल्या. मग चहाच्या कपबश्यांत घरातलेच जिन्नस थोड्या थोड्या पाण्यात घातले: साबण, मीठ, साखर, खाण्याचा सोडा, चिंच, लिंबाचा रस, ताक आणि चुलीतली राख. राखेचे पाणी ढवळून निवळू दिले. आता प्रत्येकातला एक थेंब चिंधीवर टाकायचा. पण टाकण्याआधी नातीला विचारायचे, "काय होईल ग?"

हे आधी विचारणे फार महत्त्वाचे आहे. ते गाळले तर प्रयोगाचा नुसता तमाशा होतो, लेकरू बघते आणि विसरते. आधी एकदा 'लाल होईल' असे ते बोलून गेले की त्याचा जीव त्या थेंबात अडकतो. चुकले तर चुकू द्या. माझी नात म्हणाली, "मीठ आणि साखर पांढरी, म्हणून काही होणार नाही. राख काळी, म्हणून काळं होईल." मीठ-साखरेचे बरोबर आले. राखेचे चुकले. निवळीचा थेंब पडताच चिंधीवर साबणासारखाच लाल ठिपका उठला. ती माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आजी, राखेत साबण असतो का?"

आता बघा, लेकरू किती जवळ आले! पूर्वी आपल्या घरी भांडी राखेनेच घासत आणि कपडेही राखेच्या निवळीत भिजवीत. राखेत आणि साबणात एक गुण सारखा आहे. दोन्हींत क्षार आहे, म्हणून दोन्हींनी तेलकटपणा निघतो. क्षार लागला की हळदीतला पिवळा रंग तांबडा होतो. मग त्याच लाल ठिपक्यावर लिंबू पिळा, तो पुन्हा पिवळा होतो. आंबट आणि क्षार एकमेकांना मारतात. खाण्याच्या सोड्याने रंग जेमतेम बदलतो, धुण्याच्या सोड्याने किंवा पापडखाराने चांगला चढतो. म्हणजे सगळे क्षार सारख्या जोराचे नसतात हेही लेकराला न सांगता दिसते. कुंकू करण्याची जुनी रीत हीच. हळदीवर क्षाराची क्रिया करूनच तिला लाल करीत. वसमतची हळद आपल्याकडे घरोघर येते. वसमत १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होते. तेव्हा हा प्रयोग तर अगदी घरचाच म्हणायचा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. पानाच्या चंचीतला चुना लेकरांच्या हाती देऊ नका. त्यानेही हळद लाल होते, पण चुन्याचा कण डोळ्यात गेला तर डोळा भाजतो आणि दृष्टीही जाऊ शकते. साबण आणि राखेची निवळी आहे तेवढी पुरे. धुण्याच्या सोड्याचा थेंबही मोठ्या माणसानेच टाकावा.

उरलेल्या चिंध्यांपैकी एक आम्ही उन्हात दोरीवर टाकली आणि एक पेटीत ठेवली. दोन दिवसांनी बाहेरची पांढुरकी पडली होती, पेटीतली तशीच पिवळी. हळदीचा रंग उन्हाने उडतो. पोरगी मग जिला तिला सांगत सुटली की वरणाचा डाग घासत बसू नका, उन्हात टाका. सुनेलाही ती सांगायची आणि सून हसून म्हणायची, "हो बाई, तूच आता धुणं कर."

पोळी लाटायची, भाकर थापायची

दुसरा प्रश्न आला तो परातीपुढे बसून. गव्हाची पोळी लाटतात, मग ज्वारीची भाकर का लाटत नाहीत? हा प्रश्न आपल्या परभणीच्या लेकरानेच विचारावा असा आहे. आपल्याकडे ज्वारी म्हणजे जीव की प्राण. इथल्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या एका वाणाचे नावच 'परभणी मोती' आहे. आणि ज्वारीच्या पिठाची भाकर नीट थापता आली की पोरगी सासरी टिकेल असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्या अजून गावोगाव आहेत.

हा प्रयोग हाताने करायचा आहे म्हणून लहान लेकरांना तो फार आवडतो. पेरूएवढा कणकेचा गोळा घ्या, चांगला मळलेला, अर्धा तास झाकून ठेवलेला. तेवढाच गोळा ज्वारीच्या पिठाचा, गार पाण्यात मळलेला. दोन तसराळ्यांत पाणी घ्या. लेकराला सांगा, एका हातात एक गोळा धर आणि पाण्यात बुडवून हळूहळू चोळ. ज्वारीचा गोळा पाहता पाहता विरघळून जातो, हातात काही म्हणजे काही राहत नाही. कणकेच्या गोळ्यातून दुधासारखे पांढरे पाणी निघत राहते. पाणी चार-पाच वेळा बदला. शेवटी हातात राहतो एक पिवळसर, चिवट लोळा. ताणला की ताणतो, सोडला की मागे येतो. माझा धाकटा नातू तेव्हा चार वर्षांचा होता. तो म्हणाला, "पोळीत रबर आहे!" आणि दोन दिवस पोळी खाईना. त्याची समजूत घालता घालता नाकी नऊ आले. तेव्हा हा प्रयोग जेवणाच्या वेळी करू नका.

त्या चिवट भागाला ग्लुटेन म्हणतात. ती गव्हातली प्रथिने आहेत. पाणी लागून मळले की त्यांचे जाळे तयार होते, म्हणून कणीक लाटली तरी फाटत नाही आणि वाफ धरून पोळी फुगते. इटलीत बोलोन्या नावाचे शहर आहे. तिथल्या याकोपो बेक्कारी नावाच्या विद्वानाने कणीक अशीच पाण्यात धुऊन हा चिवट भाग वेगळा केला आणि १७४५ साली त्याचे टिपण छापून आले. नाव बेक्कारी, पण माणूस रिकामा नव्हता! आपल्या परातीतला प्रयोग म्हणजे त्याचाच प्रयोग. तुम्हाला त्यासाठी विशेष काही लागत नाही.

आणि ते पांढरे पाणी? ते तासभर न हलवता ठेवले की तळाशी पांढरा थर बसतो. हा थर लेकराच्या बोटाला लावा आणि विचारा, कुठे पाहिलाय? आमच्या नातीने लगेच ओळखले, कारण कुरडयांचे दिवस होते. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, गाळून आपण जो चीक काढतो तो हाच. म्हणजे पिष्ट. कुरडया करताना आपण चीक ठेवतो आणि चोथ्याबरोबर तो चिवटपणा टाकून देतो. प्रयोगात उलटे होते. आजवर एवढ्या कुरडया घातल्या, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते. (धुतलेले पाणी फेकू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी काय मोलाचे असते ते मी सांगायला नको. म्हशीच्या आंबोणात घाला.)

ज्वारीत असे जाळे होत नाही. मग भाकर धरते कशी? इथे आपल्या आया-आज्यांची अक्कल बघा. त्या आधणाचे पाणी घालतात. कढत पाण्याने ज्वारीतले थोडे पिष्ट शिजून चिकट होते आणि ते पीठ धरून ठेवते. पीठ जुने झाले, विरी गेली की गार पाण्यात भाकर हटकून चिरते, म्हणून तर आपण जास्त कढत पाणी घालतो. हेही करून दाखविता येते. एक भाकर गार पाण्याची, एक आधणाची, पीठ एकाच डब्यातले. आधण अर्थात तुम्ही घालायचे. लेकराने फक्त दोन्ही भाकरींच्या कडांच्या चिरा मोजायच्या.

'पीठ एकाच डब्यातले' हे मी मुद्दाम लिहिले. दोन गोष्टींची तुलना करायची तर फरक एकच ठेवायचा, बाकी सगळे सारखे. एकीत नवे पीठ आणि दुसरीत जुने, शिवाय एकीत गरम पाणी, असे केले तर चिरा कशाने पडल्या हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. चार वर्षांच्या लेकराला हे शब्दांत समजत नाही. पण खेळात अन्याय झाला की ते लगेच म्हणते, "त्याला जास्त दिलं!" तीच ही गोष्ट.

ही एकच फरकाची गोष्ट पक्की करायला विरजणासारखे साधन नाही. तीन सारख्या वाट्या, एकाच पातेल्यातले तापविलेले दूध. एका वाटीत दूध कढत असतानाच चमचाभर विरजण घाला, दुसरीत कोमट झाल्यावर घाला, तिसरीतही कोमटच, पण विरजण घालूच नका. आमच्याकडे मे महिन्यात कोमट दुधाचे दही दुपारपर्यंत लागले. कढत दुधातले लागले नाही. तिसरीतले दूध रात्रीपर्यंत नासले, पण त्याचे दही झाले नाही. विरजणात डोळ्यांना न दिसणारे जिवंत जंतू असतात, कढत दुधात ते मरतात. पोरीने विचारले, "म्हणजे आपण त्यांना भाजलं?" होय, भाजले. दुसऱ्या दिवसापासून ती दुधाच्या पातेल्याला बाहेरून हात लावून आईला सांगू लागली, "आता घाल, आता ते मरणार नाहीत."

माठाचा प्रयोग तर तुम्हाला सांगायलाही नको. दोन सारख्या बाटल्यांत सारखे पाणी, एकीला ओले फडके गुंडाळायचे, एक तशीच, दोन्ही सावलीत वाऱ्याला ठेवायच्या. आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो आणि हवा कोरडी असते, त्यामुळे तासाभरात फरक हाताला कळतो. पावसाळ्यात हाच प्रयोग पुन्हा करा, तेवढा फरक पडणार नाही. हवाच ओली, तर फडक्यातले पाणी उडून जाणार कुठे? बाटल्या मात्र घरातल्या घ्या. फवारणीच्या औषधाची बाटली, तिचे झाकण किंवा माप कितीही धुतले तरी लेकरांच्या खेळात येता कामा नये. शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट दहा वेळा सांगितली तरी कमीच.

हे सारे मी माझ्या डोक्यातून काढले असे समजू नका. आपल्या देशात अशी कामे मोठ्या माणसांनी केली आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी लेकरांची बालवाडी चालविली, ती पाने, बिया, शिंपले, खडे अशा फुकटच्या साधनांवर. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत १९७२ साली मुलांनी हाताने प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा उपक्रम सुरू झाला. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून खेळणी करणारे अरविंद गुप्ता त्याच उपक्रमात होते. पुढे त्यांनी पुण्यात वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविले. आणि आपल्या परभणीत तर कृषी विद्यापीठाचे गृहविज्ञान महाविद्यालय १९७६ पासून आहे. आता त्याला सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणतात. लेकरांची वाढ कशी होते आणि अन्नात काय काय असते, हे दोन्ही विषय तिथे एकाच छपराखाली शिकवितात. स्वयंपाकघर आणि लेकरू यांचा संबंध तिथल्या मंडळींना आपण सांगायला नको.

शंभर दाणे

आता जी गोष्ट सांगायची म्हणून एवढे लिहायला बसले, ती सांगते. यापुढे घरातल्या कारभाऱ्यांनीही वाचावे.

२०२० सालचा मृग आठवा. पाऊस वेळेवर आला, पेरण्या झपाट्याने उरकल्या. सोयाबीन पेरले आणि आठ दिवसांनी पाहतो तर कित्येक शेते काळीच. मराठवाडाभर तक्रारींचा ढीग पडला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपणहून त्याची दखल घेतली. आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऐन काढणीत पावसाने झोडपले होते. भिजलेल्या शेंगांतला दाणा दिसायला दाणा होता, पण त्यातला जीव गेला होता. आमच्याही चार एकरांत दुबार पेरणी करावी लागली. विकतचे बियाणे होते. कुणाचे ते इथे लिहीत नाही. दुसऱ्यांदा बियाणे आणायला पैसे कुठून आणले ते आमचे आम्हाला ठाऊक.

म्हणून पुढच्या वर्षी आमच्या मालकांनी घरचेच बियाणे राखले. दोन थप्प्या होत्या. एक देवघराच्या भिंतीशी, एक कोठीत. कोठीतला दाणा टपोरा, चकचकीत. भिंतीशी ठेवलेला जरा बारीक. पेरायचा तो कोठीतला, हे ठरलेलेच होते.

त्या मे महिन्यात एकदा मी मटकीला मोड आणायला फडक्यात बांधीत होते. नातीने विचारले, "सगळ्यांना मोड येतात का?" मी म्हटले, मोजून बघ. तिने दहा दाणे मोजून वेगळे बांधले. नऊंना आले. मग ती आबांच्या मागे लागली, "तुमच्या सोयाबीनला पण येतात का? मी बघू?" आबा म्हणाले, "बघ बघ." लेकरू आहे, खेळू दे, एवढाच त्यांचा भाव.

सोयाबीन मात्र मटकीसारखे पाण्यात भिजत घालायचे नाही. त्याचे साल फार पातळ असते. कोरडा दाणा एकदम पाणी पितो, फुगून फुटतो आणि चांगले बीही वाईट दिसते. त्याची रीत वेगळी आहे आणि कृषी खात्याची माणसे गावोगाव तीच सांगतात. वर्तमानपत्राच्या कागदाची चौपदरी घडी करून ती ओली करायची, पाणी निथळू द्यायचे. तिच्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दाण्यादाण्यांत बोटाच्या पेराएवढे अंतर. वरून ओला कागद, मग हलक्या हाताने गुंडाळी करून दोऱ्याने सैलसर बांधायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सावलीत ठेवायची. चार-पाच दिवसांनी उघडून मोजायचे. नीट मूळ आणि कोंब आलेला दाणा तेवढा धरायचा. नुसता फुगलेला, वाकडातिकडा, बुरशीने माखलेला धरायचा नाही. दाणे पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून असे सगळीकडचे घ्यावेत. निवडून टपोरे घेतले तर आपणच आपल्याला फसविले.

आणि हे घरच्या, औषध न लावलेल्या बियाण्यापुरतेच लेकरांचे काम. बाजारच्या पिशवीतल्या बियाण्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते, त्याला लाल, गुलाबी किंवा हिरवा रंग दिसतो. ते मोठ्यांनी हातमोजे घालून मोजावे आणि लेकरांना लांब ठेवावे.

पोरीने दोन गुंडाळ्या केल्या. शंभर मोजायला तिला दीड तास लागला. दोनदा ओळ चुकली, दोनदा रडली. एका गुंडाळीला लाल दोरा, एकीला पांढरा. पाचव्या दिवशी सकाळी ती माझ्याही आधी उठून बसली होती. आम्ही परातीत गुंडाळ्या उघडल्या. भिंतीच्या थप्पीतले ऐंशी आणि एक, एक्याऐंशी. कोठीतले, ते टपोरे, चोपन्न.

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला शंभरात किमान सत्तर उगवण लागते. चोपन्न म्हणजे काय ते कारभाऱ्यांना सांगायला नको, पण हिशेब करून बघू. एकरी तीस किलो बी धरले तर सत्तर टक्क्यांनी त्यातले एकवीस किलो जिवंत. चोपन्न टक्क्यांनी सोळा किलोच. पाच किलो बी केवळ मातीत गाडायचे.

आमच्या मालकांचा विश्वास बसेना. "पोरीने मोजले, चुकले असेल," असे म्हणाले. त्यांचे म्हणणे मला रास्तच वाटले. एकदा मोजल्याने काही सिद्ध होत नाही. तेव्हा त्यांनी स्वतः पोती उघडून दाणे घेतले आणि कोठीतल्या बियाण्याच्या तीन गुंडाळ्या केल्या. दाणे मात्र पोरीनेच मांडले, आबा शेजारी बसून मोजीत होते. पाच दिवसांनी सत्तावन्न, बावन्न, पंचावन्न. आबा काही बोलले नाहीत. दुपारी त्यांनी कोठीतली पोती बाहेर काढून बियाण्यातून वेगळी केली आणि पेरणीला भिंतीशी असलेले घेतले. आठव्या दिवशी तास दिसू लागले.

टपोऱ्या दाण्याचे असे का झाले, हे पोरीनेच शोधले म्हणा ना. न उगवलेले दाणे तिने ताटलीत घेतले आणि नखाने सोलत बसली. कित्येकांच्या सालीला बारीक चिरा होत्या. सोयाबीनचा अंकुर सालीच्या अगदी लगत असतो, वरून मार बसला की तोच दुखावतो. मग आमच्या ध्यानात आले. ते सोयाबीन शेवटी शेवटी मळले होते, यंत्र मोठ्या वेगाने चालविले होते आणि पोती माळवदावरून खाली टाकली होती. भिंतीशी होते ते आधी मळलेले, हाताने उतरविलेले. तेव्हापासून आमच्याकडे बियाण्याचे पोते कुणी आपटले की नात ओरडते. तिच्या तोंडी तो शब्द असतो, 'कोंब मोडेल.'

तुमच्या घरी सोयाबीन नसेल तर हरभरा घ्या, ज्वारी घ्या, तूर घ्या. पेरणीआधी पंधरा-वीस दिवस हे करावे, म्हणजे फेरतपासणीला आणि दुसरे बियाणे शोधायला सवड मिळते. पाच-सहा वर्षांच्या लेकराने शंभर मोजलेच पाहिजेत असे नाही, दहाची एक ओळ मांडली तरी चालते, बाकीच्या तुम्ही मांडा. त्याहून धाकट्याला दोरा बांधू द्या. कागद सुकला नाही ना, हे रोज उघडून बघण्याचा मोह मात्र त्यांना आवरत नाही. आमच्या धाकट्याने एक गुंडाळी तिसऱ्याच दिवशी सोडली होती. ती बाद धरली आणि नवी केली.

आमच्या कोठीच्या भिंतीवर आता कोळशाने लिहिलेले आकडे आहेत, एकाखाली एक. साल, कोणते पोते, शंभरातले किती. पहिली ओळ वाकडी आणि मोठ्या अक्षरांत आहे, तिच्यात ८१ मधला आठ उलटा काढलेला आहे. सुनेने पोतारा देताना सगळी भिंत सारवली, तेवढी जागा सोडून.